दहिसर ते परळ : गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना खुले पत्र

मुंबईतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सभासद यांस,



आम्ही काही मित्रमैत्रिणी एका रविवारी दहिसर स्टेशनापासून परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयापर्यंत चालत गेलो. अंतर सुमारे तीस किलोमीटर. ओळखीच्या लोकांनी दर किलोमीटरमागे काही रक्कम देण्याचं कबूल केलं होतं. ती सगळी रक्कम परळला उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या राहण्याची सोय पाहणाऱ्या एका संस्थेला दिली. ठरवलं होतं त्याहून जास्त पैसे जमले. चेक स्वीकारताना तिथल्या बाईंनी मनापासून आभार मानले आणि मग म्हणाल्या, ‘पैसे देणारी माणसं भेटतात हो. खोली देणारं कुणी असेल तर बघा.’

म्हणून हे पत्र तुम्हाला. सरकारला, मंत्र्यांना, उद्योगपतींना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण या शहरातल्या खोल्यांच्या किल्ल्या आणि त्या खोल्यांत कोण येऊ शकेल हे ठरवणाऱ्या सभा तुमच्या हातात आहेत. मीही अशाच एका सोसायटीची सभासद आहे, त्यामुळे हे पत्र माझ्या स्वतःच्या इमारतीलाही आहे.

आधी चालण्याविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच सुचलं. आमच्या गटात बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणारे. सरावासाठी आम्ही कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाऊन यायचो. झाडाखालची ती मऊ हवा आणि मोकळा रस्ता यांवर तयार झालेले पाय स्वामी विवेकानंद रस्त्यावर, म्हणजे आपल्या एस. व्ही. रोडवर, वेगळ्याच परीक्षेला बसले. पहाटे निघालो तेव्हा दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर रस्ता आमचाच होता. कांदिवली, मालाड गप्पांत मागे पडलं. ओशिवरा नदीचा पूल ओलांडून जोगेश्वरीत शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि अंधेरीपासून गप्पा हळूहळू बंद झाल्या. डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर चालताना पहिल्यांदा तळवे बोलतात, मग टाचा, मग गुडघ्यामागची शीर. आमच्यातली एक जण परिचारिका होती. तिने सगळ्यांना बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावायला सांगितलं होतं, पिशवीत मोज्यांची दुसरी जोडी ठेवायला लावली होती आणि इलेक्ट्रॉलचं पाणी दर तासाला घोट घोट पाजत होती. तिचं ज्यांनी ऐकलं त्यांना फोड कमी आले.

रस्त्यात लोकांनी आमचं फार केलं. छातीवर लावलेला कापडी फलक वाचून सांताक्रूझला एका फळवाल्याने मोसंबी सोलून दिली. विलेपार्ल्यात एका सोसायटीच्या वॉचमनने बायकांना आत बोलावून स्वच्छतागृह वापरू दिलं, खुर्च्या मांडल्या, पंखा लावला. तिथे दहा मिनिटं बसायला मिळालं, त्यावर पुढचा बांद्र्यापर्यंतचा रस्ता निघाला. दिवसभर चालणाऱ्या बाईला या शहरात सगळ्यांत जास्त गरज कशाची असते, तर एका दाराची, ज्याला आतून कडी लावता येते. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण पायांनी ते त्या दिवशी मला नीट शिकवलं.

या शहराला पायी निघालेल्या माणसाचं कौतुक आहे. मंगळवार उजाडायच्या आत सिद्धिविनायकाला अनवाणी जाणारे, शिर्डीची पदयात्रा करणारे, आषाढीला पालखीबरोबर जाणारे, त्यांना पाणी द्यायला, चहा द्यायला, पाय चेपून द्यायला माणसं आपणहून पुढे येतात. आम्हालाही त्याच मायेतला वाटा मिळाला. ज्यांच्यासाठी आम्ही चाललो त्यांना तो का मिळत नाही, हा प्रश्न माझ्या मनात माहीमला आला.

बांद्र्याची खाडी ओलांडताना आपण माहीम कॉजवेवरून जातो. रोज लाखो माणसं जातात. पण हा रस्ता कुणाच्या पैशाने झाला ते फार थोड्यांना ठाऊक असतं. साष्टी आणि माहीम यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. लोक होड्यांतून ये-जा करत आणि होड्या बुडून माणसं मरत. सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि 1845 साली हा रस्ता लोकांसाठी खुला झाला. त्यांनी एकच अट घातली होती. या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. त्याच वर्षी भायखळ्याला त्यांच्या यजमानांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालयही सुरू झालं. माहीमहून दादरकडे जाणारा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि मला वाटलं, दान कसं द्यावं याचा वस्तुपाठच इथे आहे. बाईंनी पैसे दिले हे मोठंच. पण वाट मोकळी राहील, येणाऱ्याला नाक्यावर अडवलं जाणार नाही, याची काळजीही त्यांनी घेतली.

पुढे शिवाजी पार्क, प्लाझा, टिळक पूल चढून दादर टी. टी. पाय आता आपले राहिले नव्हते. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं अगदी नाममात्र खर्चात राहतात. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत कधी घर केलं नाही. 1954 साली जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. वारकऱ्याला निवारा लागतो तसा आजाऱ्याच्या सोबत्यालाही लागतो, हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून हेच काम करते. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था 2006 पासून कर्करोग झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मोफत राहायला जागा देते. ही सगळी मोठी कामं आहेत. पण येणारी माणसं या खोल्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

हिंदमाता ओलांडून आम्ही परळला पोहोचलो तेव्हा दिवस उतरणीला लागला होता. टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झालं, तेव्हापासून देशभरातला माणूस इथे येतो. आता वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, विशाखापट्टणम इथेही टाटा स्मारक केंद्राची रुग्णालयं आहेत, खारघरला केंद्र आहे, तरी परळची गर्दी हटत नाही. नांदेडहून, जळगावहून, बिहारहून, बंगालहून माणसं येतात. ज्यांना कुठेच खोली मिळत नाही ती जेरबाई वाडिया रस्त्याच्या आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्याच्या फुटपाथवर राहतात. ताडपत्री, बोचकी, फाइलींची पिशवी, स्टोव्हवरचं भाताचं पातेलं. मधल्या जागेत तोंडाला मास्क लावून, डोक्यावरचे केस गेलेला एखादा मुलगा पाय पसरून झोपलेला.

आमच्यापैकी प्रत्येकाचे पाय दुखत होते, आणि प्रत्येकाला माहीत होतं की तासाभरात आपण लोकलमध्ये बसू, घरी गरम पाण्यात पाय बुडवू, पलंगावर आडवं होऊ. मी त्या फुटपाथवर एका बाईच्या शेजारी बसले. ती अकोला जिल्ह्यातली. नवऱ्याला घशाचा कर्करोग. ती म्हणाली, ‘शेक रोज असतो, ताई. गावाला जाऊन येणार कधी?’

तिचं हे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचवावं एवढ्यासाठी मी उपचारांची थोडी माहिती देते. अनेकांना वाटतं की रुग्ण रुग्णालयात भरती असतो, मग बाहेर राहायचा प्रश्न कुठून आला? कर्करोगाचे बहुतेक उपचार भरती न होता चालतात. रेडिएशन, ज्याला पेशंट शेक म्हणतात, ते बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज असतं आणि पाच, सहा, कधी सात आठवडे चालतं. मशीनखाली जेमतेम काही मिनिटं जातात. पण ती काही मिनिटं रोज हवीत, मध्ये खंड पडून चालत नाही. केमोथेरपी बरेचदा तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. औषध दिल्यानंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. ‘काउंट पडले’ असं पेशंट म्हणतात ते हेच. त्या दिवसांत साधा तापही धोक्याचा असतो आणि तो आला की लगेच रुग्णालय गाठावं लागतं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात सुरुवातीचे काही महिने सतत ये-जा असते आणि पूर्ण उपचार दोन-अडीच वर्षं चालू शकतात. आता या माणसांनी रोज कसारा किंवा पालघरहून यायचं म्हटलं तरी शक्य नाही, गावाहून येणं तर दूरच. त्यांना परळच्या आसपास, निदान एका लोकलच्या अंतरावर, स्वच्छ मोरी असलेली आणि दार बंद होणारी एक खोली लागते. ती मिळाली नाही की काही जण उपचार अर्धवट टाकून गावी परततात. बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराने माणूस जातो तो असा, जागेअभावी.

मग आपण, सोसायटीची माणसं, त्यांना जागा का देत नाही? मी हे आमच्या इमारतीत विचारलं आहे. उत्तरं मी ऐकली आहेत आणि मला ती हसण्यावारी न्यायची नाहीत, कारण ती देणारी माणसं वाईट नाहीत. पहिलं उत्तर संसर्गाचं. ‘लहान मुलं आहेत इमारतीत.’ तर कर्करोग लागत नाही. स्पर्शाने, श्वासाने, एकाच लिफ्टने, एकाच नळाच्या पाण्याने तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. उलट ज्याचे काउंट पडले आहेत त्या पेशंटलाच आपल्याकडून संसर्गाचा धोका असतो, आपल्या सर्दीचा, आपल्या मुलांच्या कांजिण्यांचा. दुसरं उत्तर अनोळखी माणसांचं, वर्दळीचं. त्यात तथ्य आहे. पण वर्षभर आपण दर काही महिन्यांनी बदलणारे भाडेकरू घेतोच, त्यांची पोलिस ठाण्यात नोंद करतो, ओळखपत्रं घेतो. रुग्णालयाची फाइल घेऊन, एका नोंदणीकृत संस्थेच्या चिठ्ठीने आलेलं कुटुंब त्यांच्याहून जास्त अनोळखी कसं? तिसरं उत्तर कुणी मोठ्याने देत नाही. इमारतीत मरण नको. हे मी समजू शकते. पण आपल्या कुठल्या इमारतीत मरण आलेलं नाही?

2021 साली करी रोडच्या म्हाडाच्या इमारतींतल्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाला, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचा निर्णय झाला होता. किल्ल्या सुपूर्दही झाल्या. मग त्याच इमारतींतल्या रहिवाशांची हरकत आली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि पुढे बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या म्हाडाच्या सदनिका द्यायचं ठरलं. त्या रहिवाशांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्यातल्या अनेकांनी स्वतः घरासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि एकदम शंभर सदनिका म्हटल्यावर कुणीही बिचकेल. माझं म्हणणं निराळं आहे. शंभर खोल्या एका ठिकाणी देण्याऐवजी शंभर इमारतींनी एकेक खोली दिली तर कुठल्याच इमारतीला ते जड जाणार नाही.

आणि परळ-लालबागला हे नवं आहे का? गिरणगाव उभंच राहिलं ते अशा खोल्यांवर. कोकणातल्या, देशावरच्या गावांनी चाळींत गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे, आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायच्याही पाळ्या. गावाहून नवा मुलगा आला की त्याला पहिल्या रात्री कुठे झोपायचं हा प्रश्न पडत नसे. महिन्याची वर्गणी भरायची, आपली वळकटी उचलायची, दुसऱ्याला जागा द्यायची. खानावळवाल्या बाया उधारीवर डबा देत. 1982 च्या गिरणी संपात घरचं उत्पन्न थांबलं तेव्हाही त्या चुली चालू ठेवण्याची त्यांची धडपड होती. आज टॉवरमध्ये राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे आजोबा त्या ट्रंकांच्या रांगेतून वर आले. माझे आजोबाही त्यातलेच. त्यांना ज्या गावाने जागा दिली त्या गावाशी त्यांचं नातं होतं, हे खरं. पण शेजारच्या वळकटीवर झोपणारा प्रत्येक जण काही त्यांचा सोयरा नव्हता.

आता मागणीविषयी, आणि ती नेमकी आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या इमारतीत बंद सदनिका आहेत. मुलं परदेशी, आईवडील गावी, किंवा दर महिन्याला देखभाल खर्च भरून नुसतं कुलूप. अशा सभासदाला ती सदनिका वर्षभरासाठी एखाद्या रुग्णसेवा संस्थेला द्यायची असेल तर त्याला अडवू नका. उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देताना सोसायटीला कळवावं लागतं, करार आणि पोलिसांकडची नोंद यांची प्रत द्यावी लागते. तेवढं पुरे. त्यापुढे ‘अशी माणसं नकोत’ हा तोंडी ठराव सभेत किंवा व्हॉट्सअॅपवर होऊ देऊ नका. दुसरं, बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसलेल्या सदनिकेवर लागणारं शुल्क. 2001 च्या शासन निर्णयाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. सभासदाच्या जवळच्या कुटुंबीयांकडून आपण ते आकारतही नाही. रुग्णांसाठी दिलेल्या सदनिकेलाही तीच सवलत द्या. रक्कम लहान आहे, पण दारात स्वागत आहे हे त्यातून कळतं.

ज्यांच्याकडे बंद सदनिका नाही त्यांच्याकडे कदाचित सोसायटीची खोली असेल. अनेक जुन्या इमारतींत वॉचमनसाठी किंवा कार्यालयासाठी बांधलेली एखादी खोली अडगळीने भरलेली असते. तिची मोरी दुरुस्त करा, नळाला पाणी आणा. परळ, दादर, शिवडी, करी रोड, माटुंगा इथल्या इमारतींना मी विशेष विनंती करते, कारण काउंट पडलेल्या माणसाला मध्यरात्री ताप चढला तर रुग्णालय दहा मिनिटांवर असणं ही फार मोठी गोष्ट असते. हार्बर मार्गावरच्या आणि आमच्यासारख्या उपनगरांतल्या इमारतींनीही स्वतःला यातून वगळू नये. आठवड्यातून एकदाच तपासणीला जाणारे, उपचार संपत आलेले कितीतरी रुग्ण असतात, त्यांना दहिसरही चालतं.

आणि पेशंट आला की त्याच्याशी बोला. जिन्यात भेटला तर जेवलास का विचारा. आम्हाला विलेपार्ल्यात अनोळखी सोसायटीत मिळालेला तो पंखा आणि ती खुर्ची, तेवढं तरी त्यांना मिळू द्या.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्यासाठी सचिवांना आजच पत्र द्या. ठरावाचा मसुदा मी इथे देते, आमच्या इमारतीच्या सभेतही मी हाच मांडणार आहे. हवा तसा बदलून घ्या.

‘असे ठरले की, संस्थेच्या कोणत्याही सभासदाने आपली सदनिका नोंदणीकृत रुग्णसेवा संस्थेमार्फत, उपचार घेणाऱ्या रुग्णास व त्याच्या सोबतच्या नातेवाइकांस राहण्यासाठी दिल्यास, उपविधींप्रमाणे आवश्यक कागदपत्रे सादर केल्यावर संस्था त्यास हरकत घेणार नाही, अशा सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क आकारले जाणार नाही, आणि अशा रुग्णांना लिफ्ट, पाणी, पार्किंगमध्ये रुग्णवाहिका उभी करणे यांसह इतर सर्व सुविधा सभासदांप्रमाणेच मिळतील.’

सूचक म्हणून एक सही लागते, अनुमोदक म्हणून दुसरी.

आपली,
दहिसर ते परळ चाललेल्यांपैकी एक